ऑल्ट दाबूनही मेनू उघडत नाही: शॉर्टकट आणि मेनूच्या अक्षरांची टक्कर

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या डीटीपी सेंटरमध्ये एकाच संगणकावर सकाळी कन्नड अर्ज, दुपारी मराठी लग्नपत्रिका आणि संध्याकाळी इंग्रजी बिलं होतात. अशा संगणकांवर एक तक्रार पुन्हा पुन्हा येते. वर्डमध्ये पत्त्यांच्या लेबलांसाठी ऑल्ट + एम दाबलं, तर मेलिंग्ज टॅब उघडत नाही, मजकुरात ॐ उमटतो. किंवा काहीच होत नाही, नुसता 'टुंग' आवाज येतो. काल चालत होतं, आज चालत नाही. या फाइलीत चालतं, त्या फाइलीत नाही. मग कीबोर्ड बदलला जातो, ऑफिस काढून पुन्हा टाकलं जातं आणि आठवड्याभरात तीच तक्रार परत येते.

कीबोर्ड बिचारा चांगला असतो. एकाच बटणजोडीवर दोघांनी हक्क सांगितलेला असतो, आणि त्यातला एक नेहमीच हरतो. हरणारा म्हणजे मेनूचं अक्षर, म्हणजे ऑल्टसोबत दाबल्यावर मेनू किंवा टॅब उघडणारं अक्षर. तो का हरतो हे कळलं की दुरुस्ती दहा मिनिटांची आहे.

बटण दाबल्यावर पहिला हात कोणाचा

विंडोजमध्ये दाबलेलं बटण थेट मेनूपर्यंत जात नाही. वाटेत त्याला अडवणारे बरेच असतात. सर्वांत आधी येतात कीबोर्डवर लक्ष ठेवून असलेले प्रोग्राम: मराठी-कन्नड टायपिंगची सॉफ्टवेअर, बटणं बदलून देणारी साधनं, स्क्रीन रेकॉर्डर. त्यानंतर विंडोजकडे नोंदवलेल्या सार्वत्रिक जोड्या, ज्या कोणतीही खिडकी समोर असली तरी चालतात. मग समोरच्या प्रोग्रामचा स्वतःचा शॉर्टकट-तक्ता, ज्यात तुम्ही नेमलेले शॉर्टकटही असतात. या सगळ्यांनी नाकारलं तरच ते बटण मेनूकडे येतं, आणि ऑल्टसोबत दाबलेलं अक्षर कुठल्या मेनूच्या नावातल्या, खाली रेघ असलेल्या अक्षराशी जुळतं का, हे तेव्हा पाहिलं जातं.

म्हणजे मेनूच्या अक्षराला पंगतीच्या शेवटी बसवलेलं आहे. तुम्ही ऑल्ट + एफ एखाद्या मॅक्रोला (एका दमात चालणाऱ्या, साठवलेल्या आज्ञांना) दिलं की फाइल मेनूला ते कधी मिळणारच नाही. यात सॉफ्टवेअरची चूक नाही, क्रमच तसा आहे. एकदा नेमलेला शॉर्टकट कोणी हरवू नये म्हणूनच तो मेनूच्या आधी पाहिला जातो.

याच क्रमात एक पळवाटही आहे. ऑल्ट आणि अक्षर एकत्र न दाबता, ऑल्ट एकट्याने दाबून सोडा आणि मग अक्षर दाबा. नुसता ऑल्ट मेनूला जागा करतो, त्यानंतरचं साधं अक्षर शॉर्टकट-तक्त्यातल्या जोडीशी जुळत नाही, म्हणून ते मेनूलाच मिळतं. एफ-१० चंही काम तेच. गिऱ्हाईक समोर उभं असताना आधी हे करा, काम पुढे न्या, दुरुस्ती नंतर.

दोष कुठल्या पायरीवर आहे ते आधी शोधा

इथे घाई करणारे लोक थेट 'रिसेट' दाबतात आणि वर्षभरात जमवलेले सगळे शॉर्टकट घालवून बसतात. तसं करू नका. पुढच्या चाचण्यांना पाच मिनिटं पुरतात.

१. विंडोज + स्पेस दाबून भाषा इंग्रजीवर आणा आणि तीच जोडी पुन्हा दाबा. चालली, तर घोळ भाषेचा आहे. मेनूचं अक्षर जुळवताना काही प्रोग्राम बटण पाहतात, तर काही त्या बटणातून निघणारं अक्षर. इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्ड-मांडणीत, एफच्या बटणावर ऱ्हस्व वेलांटी असते, मराठीतही आणि कन्नडमध्येही. प्रोग्राम अक्षर पाहणारा असेल तर त्याला एफ दिसतच नाही.

२. डावा ऑल्ट वापरून पाहा. उजव्या ऑल्टने मेनू उघडत नसेल आणि डाव्याने उघडत असेल, तर बहुतेक 'इंग्लिश (इंडिया)' हा कीबोर्ड चालू आहे. त्यात उजवा ऑल्ट हा साधा ऑल्ट राहत नाही. विंडोज त्याला कंट्रोल + ऑल्ट समजतं. अमेरिकन कीबोर्डवरून या कीबोर्डवर आलेल्या संगणकात 'उजवा ऑल्ट मेला' अशी तक्रार येते ती यामुळे. कोणता कीबोर्ड चालू आहे ते विंडोज + स्पेसच्या यादीत नावासकट दिसतं.

३. ऑल्ट सोडून मग अक्षर दाबा. हे चाललं आणि एकत्र दाबलेलं चाललं नाही, तर प्रोग्रामच्या आतल्या शॉर्टकट-तक्त्याने ती जोडी घेतली आहे, किंवा बाहेरच्या कोणीतरी. दोन्हींतला फरक पुढच्या चाचणीत कळतो.

४. नोटपॅड उघडून ऑल्ट + एफ दाबा. नोटपॅडमध्ये स्वतःचे शॉर्टकट नेमता येत नाहीत, म्हणून तो चांगला साक्षीदार आहे. तिथेही फाइल मेनू उघडला नाही तर दोष वर्ड किंवा कोरलड्रॉ (चित्र-मांडणीचा प्रोग्राम) यांच्या बाहेरचा. इतर अक्षरांसाठी नोटपॅडच्याच मेनूतली अक्षरं पाहा. ज्या जोडीची तक्रार आहे ती दाबल्यावर नोटपॅड समोर असतानाही भलतंच काही उघडलं, तर ती सार्वत्रिक जोडी आहे.

५. शंका आली तर विंडोज + आर दाबून ओएसके (osk) टाइप करा. पडद्यावरचा कीबोर्ड येतो आणि खऱ्या कीबोर्डवर दाबलेलं बटण त्यावर उजळतं. ऑल्ट न दाबताही उजळलेला दिसला तर बटण अडकलं आहे किंवा स्टिकी कीज (ऑल्ट-शिफ्ट सोडल्यावरही दाबलेलेच धरणारी सोय) चालू झाल्या आहेत. पाच वेळा शिफ्ट दाबला गेला की स्टिकी कीजची विचारणा येते आणि घाईत तिला 'यस' म्हटलं जातं.

वर्ड: 'अनअसाइन्ड' या शब्दावर विसंबू नका

सर्वाधिक घोळ इथे होतो, म्हणून इथे नीट थांबू. फाइल, ऑप्शन्स, कस्टमाइझ रिबन या वाटेने गेल्यावर खाली 'कीबोर्ड शॉर्टकट्स: कस्टमाइझ' असतं. नवी जोडी दाबली की त्याखाली 'करंटली असाइन्ड टू' असं येतं. लोक इथे ऑल्ट + एम दाबतात, समोर 'अनअसाइन्ड' दिसतं आणि जोडी मोकळी आहे असं समजून ती ॐ ला देऊन टाकतात. पण ही यादी फक्त शॉर्टकट-तक्ता तपासते. रिबन म्हणजे वरची टॅबांची पट्टी; तिच्या टॅबांवरची अक्षरं त्यात मोजलीच जात नाहीत. ऑल्ट + एफ, एच, एन, जी, पी, एस, एम, आर, डब्ल्यू ही सगळी अक्षरं रिबन वापरतो: फाइल, होम, इन्सर्ट, डिझाइन, लेआउट, रेफरन्सेस, मेलिंग्ज, रिव्ह्यू, व्ह्यू या क्रमाने. म्हणून वर्डमध्ये ऑल्ट + एक अक्षर ही जोडी कधीही नेमू नये, मग ती कितीही मोकळी दिसो. 'श्री' ला ऑल्ट + एस दिलं की रेफरन्सेस गेला, हे ठरलेलं.

काढायचं कसं? त्याच खिडकीत भांडणातली जोडी दाबा आणि 'करंटली असाइन्ड टू' पुढचं नाव टिपून ठेवा. ती जोडी पुन्हा न नेमता, डावीकडच्या वर्गांतून ते नाव शोधा. चिन्हं 'कॉमन सिम्बॉल्स' मध्ये, मॅक्रो 'मॅक्रोज' मध्ये, स्टाइल 'स्टाइल्स' मध्ये, साठवलेले मजकूर 'बिल्डिंग ब्लॉक्स' मध्ये असतात. सापडल्यावर 'करंट कीज' मधली जोडी निवडून 'रिमूव्ह' करा. चिन्हाचा शॉर्टकट इन्सर्ट, सिम्बॉल, मोअर सिम्बॉल्स या खिडकीतल्या 'शॉर्टकट की' वरूनही नेमता येतो. बरेच ॐ आणि स्वस्तिक तिथूनच आलेले असतात.

तरी जात नसेल तर त्याच खिडकीतलं 'सेव्ह चेंजेस इन' पाहा. शॉर्टकट नॉर्मल टेम्प्लेटमध्ये (वर्डच्या सगळ्या फाइलींना लागू होणाऱ्या मूळ नमुन्यात) असू शकतो, फाइलीला जोडलेल्या दुसऱ्या टेम्प्लेटमध्ये असू शकतो, किंवा त्या एकट्या फाइलीत. फाइलीतला शॉर्टकट नॉर्मलवर मात करतो. 'या पत्रिकेत होतं, त्या पत्रिकेत नाही' या कोड्याचं उत्तर हेच. जुन्या पत्रिकेची कॉपी करून नवी पत्रिका केली की तिच्यातला शॉर्टकटही सोबत येतो, आणि दुसऱ्या दुकानातून आलेल्या फाइलीतून तर परक्याचे शॉर्टकट येतात.

सगळे शॉर्टकट एकत्र पाहायचे असतील तर दोन वाटा आहेत. प्रिंटच्या सेटिंग्जमध्ये काय छापायचं ते निवडताना 'की असाइनमेंट्स' घ्या, म्हणजे तुम्ही नेमलेले शॉर्टकट कागदावर येतात. किंवा व्ह्यू, मॅक्रोज या खिडकीत 'वर्ड कमांड्स' निवडून 'लिस्टकमांड्स' चालवा. वर्ड नव्या फाइलीत आज्ञा आणि बटणांचा तक्ता करून देतो. रिसेट करण्याआधी यातलं एक नक्की करा.

दोष वर्डच्या तक्त्यात आहे की कुठल्या ॲड-इनमध्ये (वर्डला जोडलेल्या जादा प्रोग्राममध्ये), हे ठरवायला विंडोज + आर मध्ये 'विनवर्ड', स्पेस, तिरपी रेघ आणि ए (winword /a) असं टाइप करा. वर्ड ॲड-इनशिवाय आणि तुमच्या नॉर्मल टेम्प्लेटशिवाय सुरू होतो. तिथे ऑल्ट + एम नीट चाललं तर दोष त्या दोघांतच आहे. नॉर्मल टेम्प्लेट मुळापासून नवा हवा असेल तर वर्ड बंद करून, ॲपडेटा, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, टेम्प्लेट्स या फोल्डरातल्या नॉर्मल फाइलीचं नाव बदला. पुसू नका, नाव बदला. त्यात तुमच्या स्टाइल आणि मॅक्रोही आहेत.

मग ॐ साठी काय वापरावं? आमचं मत स्पष्ट आहे: जे दिवसातून पन्नास वेळा लागतं ते क्विक ॲक्सेस टूलबारवर (रिबनजवळच्या छोट्या बटणपट्टीवर) ठेवा. तिथल्या पहिल्या नऊ आज्ञांना ऑल्ट + १ ते ऑल्ट + ९ आपोआप मिळतात, आणि रिबनच्या अक्षरांशी त्यांची टक्कर होत नाही. हे अंक वरच्या ओळीतले. जुन्या फॉन्टमध्ये जोडाक्षरांसाठी ऑल्ट धरून उजवीकडच्या आकड्यांवर कोड टाइप करण्याची सवय असेल, तर ती तशीच चालू राहते. चिन्हं आणि ठरीव मजकुरांसाठी ऑटोकरेक्ट त्याहून बरं: दोन-तीन अक्षरं टाइप करून स्पेस दिला की ॐ, बटणजोडीचा प्रश्नच नाही.

रुपयाचं चिन्ह कुठे गेलं

ही टक्कर इतकी नेमाने होते की तिला वेगळी जागा हवी. वर्डमध्ये कंट्रोल + ऑल्ट + १, २, ३ ने पहिल्या तीन पातळ्यांची शीर्षकं लागतात. कोणीतरी शहाणपणाने चौथ्या पातळीला कंट्रोल + ऑल्ट + ४ देतो. दिसायला अगदी योग्य. पण 'इंग्लिश (इंडिया)' कीबोर्डवर ₹ हे चिन्ह उजवा ऑल्ट + ४ ने येतं, आणि उजवा ऑल्ट म्हणजे विंडोजसाठी कंट्रोल + ऑल्टच. त्यामुळे बिलात ₹ टाइप करायला गेलं की ओळीचं शीर्षक होतं. एक्सेलमध्ये, ब्राउझरमध्ये चिन्ह नीट येतं, फक्त वर्डमध्ये नाही, ही याची खूण. चौथ्या शीर्षकाची जोडी काढा, चिन्ह परत येईल. तोवर काम अडलं असेल तर वर्डमध्ये इंग्रजी अंक-अक्षरांत २०बी९ (20B9) टाइप करून लगेच ऑल्ट + एक्स दाबा.

याच कारणाने डेस्कटॉपवरच्या आयकॉनचे शॉर्टकटही तपासा. आयकॉनच्या प्रॉपर्टीजमध्ये 'शॉर्टकट की' या रकान्यात एक अक्षर दाबलं की विंडोज स्वतःहून कंट्रोल + ऑल्ट लावतं. नुडीच्या (कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या) आयकॉनला एन दिला की कंट्रोल + ऑल्ट + एन सगळीकडे नुडीच उघडतं, वर्डमधलं ड्राफ्ट व्ह्यू मिळत नाही. रकान्यात बॅकस्पेस देऊन 'नन' करा.

तीन भाषा, एक ऑल्ट + शिफ्ट

इंग्रजी, मराठी, कन्नड अशा तीन भाषा बसवलेल्या संगणकात डावा ऑल्ट + शिफ्ट भाषा फिरवतो. वर्डमध्ये ऑल्ट + शिफ्ट + डी ने तारीख येते, बाणांनी परिच्छेद वर-खाली सरकतो. तिसरं बटण दाबायचं राहिलं किंवा मन बदलून बोटं उचलली, की भाषा बदलते, आणि पुढची ओळ मराठीऐवजी कन्नडमध्ये उमटू लागते. तीन भाषांमुळे एकदा चुकलं की परत यायला दोनदा दाबावं लागतं, त्यात आणखी गोंधळ.

उपाय: विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, मग 'इनपुट लँग्वेज हॉट कीज'. विंडोज १० मध्ये टायपिंग हे 'डिव्हायसेस' खाली आहे. 'बिटवीन इनपुट लँग्वेजेस' निवडून 'चेंज की सीक्वेन्स' मध्ये दोन्ही बाजूंना 'नॉट असाइन्ड' करा. मग खालच्या यादीत प्रत्येक भाषेला वेगळी जोडी द्या: डावा ऑल्ट + शिफ्ट + १ इंग्रजी, २ मराठी, ३ कन्नड. फिरवाफिरवी संपते, ज्या अंकावर बोट पडेल ती भाषा लागते. इथे कंट्रोल + शिफ्ट + अंक हाही पर्याय दिसतो, पण एक्सेलमध्ये कंट्रोल + शिफ्ट + १, २, ३ ने आकडा, वेळ आणि तारखेचं स्वरूप लागतं, म्हणून तो घेऊ नका.

त्याच ॲडव्हान्स्ड पानावर 'प्रत्येक ॲपच्या खिडकीसाठी वेगळी भाषा' अशा अर्थाची चौकट आहे, तिला टिक करा. वर्डमध्ये मराठी आणि टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) इंग्रजी एकाच वेळी राहते, आणि टॅलीत शिरल्यावर अक्षरं न चालण्याची निम्मी तक्रार इथेच मिटते.

टायपिंगचं सॉफ्टवेअर स्वतःच्या बटणाने भाषा बदलत असेल तर ते बटण कोणतं हे पाहा. स्क्रोल लॉक निरुपद्रवी आहे, एक्सेल सोडलं तर. एफ-११ वर लावलेलं असेल तर कोरलमध्ये फाउंटन फिल आणि इनडिझाइनमध्ये (पानांच्या मांडणीच्या प्रोग्राममध्ये) पॅराग्राफ स्टाइल्स मिळणार नाहीत. अशा वेळी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधलं बटण बदला, कोरलमधलं नको. जो सर्वांच्या आधी बटण पकडतो त्यालाच बाजूला सरकवणं सोपं जातं.

कोरल, इनडिझाइन, एक्सेल, टॅली

कोरलड्रॉमध्ये शॉर्टकट नेमण्याच्या खिडकीत 'नॅव्हिगेट टू कॉन्फ्लिक्ट ऑन असाइन' अशी चौकट आहे. ती टिक करूनच काम करा. जोडी आधी कोणाची होती तिथे कोरल स्वतः नेऊन दाखवतो. मजकूर टाइप करतानाचे शॉर्टकट वेगळ्या तक्त्यात असतात, म्हणून एखादी जोडी चित्रावर चालते आणि मजकुरात शिरल्यावर चालत नाही. सगळंच बिघडलं तर कोरल सुरू होताना एफ-८ दाबून धरा, मांडणी मूळ स्थितीला येते, तुमचे बदल जाऊन.

इनडिझाइनमध्ये एडिट, कीबोर्ड शॉर्टकट्स मध्ये आधी 'न्यू सेट' करा. 'कॉन्टेक्स्ट' या रकान्याकडे लक्ष द्या: 'टेक्स्ट' साठी नेमलेला शॉर्टकट मजकुरात कर्सर असताना 'डिफॉल्ट' वर मात करतो. मेनूच्या आज्ञेला एकटं अक्षर कधीही देऊ नका, टाइप करताना ते अक्षर उमटायचं बंद होईल.

एक्सेलमध्ये मॅक्रोला कंट्रोल + पी दिलं तर ती फाइल उघडी असेपर्यंत सगळ्या फाइलींत प्रिंट मिळत नाही. फाइल बंद केली की सुरळीत. मॅक्रोच्या ऑप्शन्समध्ये मोठं अक्षर टाइप करा, म्हणजे कंट्रोल + शिफ्ट + अक्षर होईल.

टॅलीप्राइममध्ये वरच्या पट्टीतली अक्षरं ऑल्टसोबतच चालतात: ऑल्ट + जी 'गो टू', ऑल्ट + झेड 'एक्सचेंज'. एनव्हिडियाच्या ग्राफिक कार्डाचा ओव्हरलेही (कुठल्याही प्रोग्रामवर उघडणारी त्याची खिडकी) मुळात ऑल्ट + झेडच घेतो. टॅलीत हात घालू नका, ओव्हरलेची जोडी बदला. तसंच पॉवरटॉइज रन (प्रोग्राम शोधून उघडणारं मायक्रोसॉफ्टचं साधन) मुळात ऑल्ट + स्पेस घेतं, त्यामुळे खिडकी हलवायचा-मोठी करायचा छोटा मेनू उघडेनासा होतो. त्याच्या सेटिंग्जमध्ये जोडी बदलता येते.

जुन्या पद्धतीच्या मेनूत एकच अक्षर दोघांना

अक्षर दाबल्यावर आज्ञा चालण्याऐवजी नुसतीच निवडली जात असेल, आणि पुन्हा दाबल्यावर दुसरीच निवडली जात असेल, तर एकाच मेनूत दोन आज्ञांना तेच अक्षर आहे. कोणती चालवायची हे एंटर दाबून सांगावं लागतं. स्वतः घातलेल्या आज्ञांचं नाव बदलून हे सुटतं: लिबरऑफिसमध्ये नावातल्या हव्या त्या रोमन अक्षराआधी टिल्ड, म्हणजे नागमोडी रेघ, लिहा. विंडोजच्या बहुतेक प्रोग्राममध्ये तिथे अँपरसँड लागतो. मराठी नाव देत असाल तर कंसात एक रोमन अक्षर ठेवून त्याआधी ते चिन्ह घाला. देवनागरी अक्षराखाली रेघ घातली तर इंग्रजी किंवा कन्नड कीबोर्ड चालू असताना ते अक्षर दाबताच येत नाही.

'रोज वेगळं वागतं' याचं कारण

सार्वत्रिक जोडी विंडोज पहिल्याने मागेल त्याला देतं, दुसऱ्याला नाकारतं. दोन प्रोग्राम एकच जोडी मागत असतील तर सकाळी जो आधी सुरू झाला त्याची चलती. त्यामुळे संगणक पुन्हा सुरू केल्यावर कधी बरं होतं, कधी बिघडतं. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप ॲप्समध्ये जाऊन संशयितांना एकेक करून बंद करा आणि दर वेळी संगणक पुन्हा सुरू करून तीच जोडी तपासा. एकदम सगळे बंद केले तर दोषी कोण ते कळत नाही. सापडल्यावर त्या एका प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये जोडी बदला आणि बाकीचे पुन्हा चालू करा.